वकील गेला की वकालतनामा संपतो: एकट्याच्या ऑफिसची आगाऊ तजवीज

वकीलसाहेब, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ५१, इंदूरचं जिल्हा न्यायालय आणि हायकोर्टाचं खंडपीठ मिळून सव्वादोनशे चालू प्रकरणं, एक ज्युनिअर, एक मुंशीजी (ऑफिसचे कारकून), रामबागेतल्या घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस आणि गेल्या महिन्यात अँजिओप्लास्टी. वहिनी शाळेत शिकवतात, कोर्टातलं त्यांना काही ठाऊक नाही. तुम्ही मृत्युपत्र करून ठेवलंय आणि विचारताय, 'एवढं पुरे ना? की अशिलांसाठी आणखी काही करून ठेवायला हवं?' शेवटी एक विनंतीही आहे. तिचं उत्तर शेवटीच देतो.

मृत्युपत्र केलंत ते बरं केलंत, पण ते घरासाठी. ते तेराव्यानंतर उघडतात आणि तुमची पेशी, म्हणजे कोर्टातली तारीख, तिसऱ्या दिवशीच असते. शिवाय मृत्युपत्रानं आपण आपल्या मालकीचं देतो. फायली आपल्या कुठे असतात? त्या अशिलाच्या. आपलं कपाट, आपली कायद्याची पुस्तकं, वसूल न झालेली फी, एवढंच काय ते वारसांना जातं.

आपण सगळे वकालतनाम्यावर, म्हणजे अशिलानं वकील नेमल्याच्या कागदावर, रोज सह्या करतो, पण दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३ नियम ४ किती जणांनी शेवटपर्यंत वाचलाय? वकिलाची नेमणूक कधी संपते, ते त्यात लिहिलंय: कोर्टाच्या परवानगीनं लेखी संपवली तर, काम पूर्ण झालं तर, आणि अशील किंवा वकील मेला तर. म्हणजे तुम्ही गेलात त्या क्षणी सव्वादोनशे माणसं वकिलाविना उभी, आणि त्यातल्या निम्म्यांना ते पंधरा दिवस कळणारही नाही. गंमत बघा, पक्षकार वारला तर त्याच्या वकिलानं कोर्टाला कळवावं म्हणून आदेश २२ मध्ये नियम १०-अ आहे. वकील वारला तर कोर्टाला कोणी कळवायचं, असा नियम त्या संहितेत मला आजवर सापडलेला नाही. बार रूममध्ये शोकसभा होते, दोन मिनिटं मौन होतं आणि शेजारच्या कोर्टात त्याच वकिलाच्या नावाचा पुकारा होतो.

माझा एक मित्र, माझ्याच वयाचा, ९ जुलै २०१७ ला रविवारी सकाळी पोहे खाता खाता गेला. पुढचे तीन महिने त्याचं ऑफिस मी आणि त्याच्या ज्युनिअरनं आवरलं. खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्या तीन महिन्यांत शिकलो.

सोमवारी संध्याकाळी डायरी उघडली. तपकिरी कव्हर, वर गणपती, प्रिंटिंग प्रेसवाले दिवाळीला वाटतात तसली. ११ जुलैच्या पानावर सात ओळी. पहिली: 'एडीजे ९, पिंपळवाला, उलट, नक्की.' दुसरी: 'तो शांत माणूस, जवाब.' तिसऱ्या ओळीत नुसता फोन नंबर, तोही एक आकडा कमी. नवव्या अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांपुढे उलटतपास आहे एवढं कळलं, पण हा पिंपळवाला कोण? ज्युनिअरला माहीत नाही. फोनला कुलूप. शेवटी मुंशीजी जिन्यात बसले होते ते डोळे पुसत वर आले आणि म्हणाले, 'वो बिचौलीवाले, साहब, जिनके प्लॉट में पीपल है.' त्या एका वाक्यावर फाइल मिळाली. 'शांत माणूस' मात्र मुंशीजींनाही आठवला नाही. त्याचा जवाब, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, त्या दिवशी गेला नाही, आणि तो शांत माणूस पुढे ऑफिसात आला तेव्हा अजिबात शांत नव्हता.

म्हणून पहिलं काम डायरीचं. तुमची डायरी तुम्हाला वाचता येते, हे तिचं कौतुक नव्हे. परक्या वकिलाला ती वाचता आली पाहिजे. प्रत्येक ओळीत पक्षकाराचं पूर्ण नाव, कोर्ट, प्रकरण क्रमांक, टप्पा आणि पुढच्या पेशीला नेमकं काय करायचंय ते. सोबत एक यादी करा, कागदावर किंवा संगणकात, ज्यात प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर (ई-कोर्टवरचा प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) आणि अशिलाचे दोन फोन असतील. दोन अशासाठी की पहिला हमखास बंद असतो.

तुम्ही म्हणाल, ई-कोर्टच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावानं किंवा सनद क्रमांकानं शोधलं की सगळं दिसतं. दिसतं, पण जिथे तुमचं नाव नीट चढवलंय तेवढंच. तहसील आणि एसडीएमकडची (उपविभागीय अधिकाऱ्यांकडची) जमिनीची नामांतरणं, सीमांकनं त्यात नाहीत, त्यांचं आरसीएमएस हे महसुली संकेतस्थळ वेगळं. आणि जे अजून दाखलच झालेलं नाही ते कुठल्याच संकेतस्थळावर नसतं. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा घात तिथेच होतो. पेशी चुकली तर मार्ग असतात. दावा गैरहजेरीत खारीज झाला तर ३० दिवसांत पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो, एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करायलाही ३० दिवस असतात, आणि वकिलाचा मृत्यू हे कारण ऐकून कोणी न्यायाधीश तोंड फिरवत नाही. वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्येच रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात सांगून ठेवलंय. पण जे अपील अजून टाइपच व्हायचंय, जी नोटीस पाठवायचीच राहिलीय, तिची मुदत गुपचूप चालू असते आणि तिचा पुकारा कोणी करत नाही.

माझ्या मित्राच्या टेबलाखाली एक कापडी पिशवी होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला, ज्युनिअरनं ती झाडली. आत एक परत आलेला चेक, बँकेचा मेमो आणि अशिलाचं व्हिजिटिंग कार्ड. चेक १० जूनचा, मेमो १४ जूनचा. चेक न वटल्याची, कलम १३८ ची नोटीस मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत जायला हवी. ती मुदत १४ जुलैलाच संपलेली, आणि हे ३० दिवस वाढवून मिळत नाहीत. नंतरच्या फिर्यादीला उशीर झाला तर कोर्ट तो माफ करू शकतं, नोटिशीचा नाही. वाचलो एवढ्यावरच की चेक बँकेत टाकायचे तीन महिने अजून सरले नव्हते. अशिलाला सांगून तो पुन्हा बँकेत टाकला, पुन्हा परत आला आणि त्या दुसऱ्या परतीवर नोटीस दिली. २०१२ नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हा रस्ता मोकळा आहे. चेक मार्चचा असता तर मी त्या अशिलाला काय तोंड दाखवलं असतं, कोण जाणे.

तेव्हा डायरीच्या मागे चार पानं वेगळी ठेवा, वर लिहा 'अजून दाखल न झालेली'. माणूस कागद ठेवून गेला की त्याच दिवशी नाव, विषय आणि मुदतीची शेवटची तारीख तिथे चढली पाहिजे. हायकोर्टातलं अपील ९० दिवस, जिल्हा न्यायालयातलं ३०. लेखी जवाब ३० दिवसांत, कोर्टानं वाढवले तर ९०. व्यापारी दावा असेल तर १२० नंतर दार बंदच. फौजदारी करत असाल तर कोठडीतल्या माणसाचा ६०वा किंवा ९०वा दिवस लाल शाईनं लिहा. त्या दिवशी दोषारोपपत्र आलेलं नसलं तर जामीन हा त्याचा हक्क आहे, पण अर्ज दोषारोपपत्राच्या आधी पडला पाहिजे. तो अर्ज देणारं कोणी नसलं तर हक्क तिथेच विरतो.

कोविडच्या आठवणीनं एक गैरसमज पसरलाय, तोही इथेच सांगतो. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आपल्या बारमधली कितीतरी माणसं गेली आणि तरी मुदतीमुळे फारसं कोणाचं बुडालं नाही. कारण सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. ती छत्री सगळ्या देशावर होती. तुमच्या-माझ्या एकट्याच्या मरणासाठी ती कोणी उघडणार नाही. मुदत कायद्याच्या कलम ५ खाली उशीर माफ करायचा अर्ज, शपथपत्र आणि मृत्यूचा दाखला, एवढंच हाती.

आता मुख्य इलाज. वकालतनाम्यावर दुसरं नाव.

नवीन प्रकरण घेताना वकालतनाम्यात स्वतःबरोबर आणखी एका वकिलाचं नाव घाला, त्यांची सही घ्या, अशिलाला समोर बसवून सांगा की मी आजारी पडलो तर हे उभे राहतील, चालेल ना? तुम्ही गेलात तरी त्यांची नेमणूक उभी राहते, कोर्टात कोणीतरी हजर असतं. जुन्या सव्वादोनशे प्रकरणांसाठी धावपळ करू नका. पुढच्या पेशीला अशील आला की दुसऱ्या वकिलांचा वकालतनामा तुमच्या संमतीसह लावा. एकाच्या प्रकरणात दुसऱ्यानं वकालतनामा लावायचा तर पहिल्याची संमती लागते, हा बार कौन्सिलचा नियम तुम्ही जिवंत असताना किती सोपा आहे बघा. चार-पाच महिन्यांत बरंचसं काम आपोआप उरकेल. आधी स्टे चालू असलेली, साक्षीपुराव्यावर असलेली आणि कोठडीतली प्रकरणं घ्या. ज्यात वर्षभर नुसत्या तारखाच पडताहेत ती मागून.

ज्युनिअरचं नाव घालू का, असं तुम्ही विचारलंय. जरूर घाला, पण एकट्या ज्युनिअरवर थांबू नका. दोन-तीन वर्षांच्या पोरावर एका सकाळी सव्वादोनशे फायली पडल्या तर तो दबेल, नाहीतर बहकेल. बहकतो म्हणजे काय, तर तिसऱ्याच दिवशी अशिलांना फोन लावतो, 'आता सगळं माझ्याकडेच आहे.' अशील काही वारशानं मिळत नाही. त्यानं कोणाकडे जायचं ते तोच ठरवणार. तेव्हा ज्युनिअर आणि सोबत तुमच्या वयाच्या आसपासचा, वेगळ्या ऑफिसचा एक वकील. त्याच्याशी हे दोन्ही बाजूंनी करा, तो तुमच्यासाठी आणि तुम्ही त्याच्यासाठी.

माणूस निवडण्याआधी दोघांनी आपापल्या पक्षकारांच्या आणि विरुद्ध पक्षांच्या नावांच्या याद्या जुळवून बघायच्या. नुसती नावं, मजकूर नाही. इंदूर एवढं वाढलं तरी बार रूममध्ये सगळे एकमेकांच्या विरुद्ध उभे असतातच. ज्या प्रकरणांत टक्कर असेल तिथे तिसरं नाव शोधा.

मरणापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे न मरणं. पक्षाघात झाला, समज गेली, माणूस महिनोन्‌महिने आयसीयूत. लोक म्हणतात, बायकोच्या नावे पॉवर ऑफ अटर्नी करून ठेवलीय. तिच्यावर विसंबू नका. करार अधिनियमाचं कलम २०१ वाचा: देणारा मेला किंवा त्याची समज गेली की मुखत्यारी संपते. नेमकी जेव्हा लागते तेव्हाच ती हातातून जाते. आणि कोर्टात बाजू मांडायला तर ती कधीच चालणार नव्हती. वकालतनाम्यावरचं दुसरं नाव अशा वेळीही चालतं. बँकेसाठी ऑफिसखर्चाचं एक लहान खातं दोघांच्या नावे, दोघांपैकी कोणीही काढू शकेल असं ठेवा. मुंशीजींचा पगार आणि विजेचं बिल तेवढ्यात भागतं.

पण त्या खात्यात अशिलाचा पैसा ठेवू नका. आपल्याकडे सवय वाईट आहे. कोर्ट फीचे पंचवीस हजार कोणी रोख देऊन जातो, आपण पाकीट ड्रॉवरमध्ये टाकतो. माझ्या मित्राच्या ड्रॉवरमध्ये अशी पाच पाकिटं निघाली, तीनवर नाव नाही. त्याची बायको माझ्यासमोर ती पाकिटं टेबलावर ओळीनं मांडून बसली आणि म्हणाली, 'भाऊजी, हे आमचे की लोकांचे?' मला उत्तर देता आलं नाही. पुढे नऊ जणांनी त्या तीन पाकिटांवर दावा सांगितला. अशिलाच्या पैशाचा हिशोब ठेवायचा, फी किती आणि खर्चासाठी किती ते वेगळं दाखवायचं, हा बार कौन्सिलचा नियम आहेच. नियम राहू द्या, पाकिटावर नाव, तारीख आणि कशासाठी, एवढं तरी पेन्सिलीनं लिहा. आणि अशिलाच्या पैशाला एक वेगळं खातं असू द्या.

मूळ कागदांचंही तसंच. रजिस्ट्री, जुने पट्टे, लोकांची मृत्युपत्रं आपल्या गोदरेजमध्ये वर्षानुवर्षं पडून असतात. काम झालं की पोच घेऊन परत करा. जी ठेवावीच लागतील त्यांची वही करा. कोणी मृत्युपत्र सांभाळायला देत असेल तर त्याला सांगा की नोंदणी अधिनियमाच्या कलम ४२ खाली बंद लिफाफ्यात ते जिल्हा रजिस्ट्रारकडे ठेवता येतं. तुमच्या कपाटापेक्षा ते बरं.

फोनचं थोडक्यात. सिमचं रिचार्ज घरच्यांनी वर्षभर चालू ठेवावं, कारण अशिलांचे फोन आणि कोर्टाचे मेसेज त्यावरच येत राहतात. पण तुमच्या ई-फायलिंगच्या लॉगिनवरून तुमच्यामागे कोणी काही दाखल करायचं नाही आणि डिजिटल सहीला तर हातही लावायचा नाही. ज्याला दाखल करायचंय त्यानं आपल्या नावानं करावं. फोनचा आणि संगणकाचा पासवर्ड बंद लिफाफ्यात, दुसऱ्या वकिलाच्या सहीनिशी. वहिनींकडे लिफाफा असू दे, पण आतल्या फायली त्यांनी वाचायच्या नाहीत. अशिलानं आपल्याला सांगितलेलं गुपित काम संपल्यावरही गुपितच राहतं, भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम १३२ मध्ये ते आहे, आणि ते बंधन मुंशीजींनाही लागू आहे. घरच्यांचा त्यात उल्लेख नाही.

वहिनींसाठी एक कागद लिहा. कायद्याची भाषा नको. मी माझ्या घरी ठेवलाय तो साधारण असा:

'मला काही झालं तर त्याच दिवशी अमुक वकिलांना फोन कर, मग मुंशीजींना. ऑफिसची किल्ली फक्त अमुक वकिलांना दे आणि ते नेतील त्या प्रत्येक फाइलची वहीत सही घे. कोणी अशील घरी आला तर चहा दे, फाइल देऊ नकोस, अमुकांकडे पाठव. कोणी फी आणून दिली तर नाव लिहून पावती दे. कोणी पैसे परत मागितले तर लगेच देऊ नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. हिशोबाची निळी वही अमुकांना दाखव. खोलीचं भाडं कोणी देऊ केलं तरी फायली निघेपर्यंत देऊ नकोस.'

हा कागद बायकोला वाचून दाखवताना मला दोनदा थांबावं लागलं. तिनं मात्र शांतपणे विचारलं, 'निळी वही म्हणजे ती तेलाचे डाग पडलेली?' त्या दिवशी नवी आणली.

पैशाबद्दल ज्युनिअरला आणि वहिनींना दोघांनाही आधीच एक सांगून ठेवा. जी फी तुम्ही काम करून कमावलीय आणि यायची आहे, ती तुमच्या वारसांची. तिची यादी असेल तरच ती येईल. पण पुढे ज्युनिअर किंवा दुसरे वकील जे काम करतील त्याच्या फीतला हिस्सा घरी पोचवायचा, असा तोंडी सौदा कोणी करू नये. वकील नसलेल्याबरोबर फी वाटून घ्यायला बार कौन्सिलची मनाई आहे, भावना कितीही चांगली असली तरी. आणि थकलेल्या फीसाठी फाइल अडवून धरायची नाही. हा निकाल तर आपल्याच प्रदेशातला. भोपाळच्या एका वकिलांनी राज्य सहकारी बँकेच्या फायली फीसाठी अडवल्या होत्या, आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं की फायलींवर वकिलाचा असा हक्क नाही. जो हक्क तुम्हाला नव्हता तो तुमच्या मागे वहिनींना कुठून येणार? फाइल द्यायची, सही घ्यायची, फीचं वेगळं बघायचं. अधिवक्ता कल्याण निधीत नाव आणि नामांकन नीट आहे का, ते याच आठवड्यात तपासा. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर अजून आईचं नाव असलेली माणसं मी पाहिलीत.

निकाली फायली? अशिलाला बोलवा, मूळ कागद द्या, सही घ्या. जे येत नाहीत त्यांचे गठ्ठे सालवार बांधा. त्यात फार जीव घालू नका.

सगळं झालं की एकदा तालीम करा. नात्यातलं लग्न काढा, चार दिवस पुण्याला जा, फोन बंद. दुसऱ्या वकिलांनी तुमच्या डायरीवरून पेश्या चालवून दाखवाव्यात. मी केलं तेव्हा पहिल्याच दिवशी सहकाऱ्याचा मेसेज आला होता: 'बुधवारच्या पानावरचा ७ आहे की १?' पेशी ७ नंबरच्या कोर्टात होती आणि ते १ नंबरमध्ये तासभर बसले होते. तेव्हापासून कोर्टाचा नंबर अक्षरांत लिहितो.

आता तुमची विनंती, की दुसरं नाव माझंच घालावं. मनापासून आवडलं असतं. पण तुम्ही पाठवलेल्या यादीत चौथं आणि एकोणिसावं नाव बघा, त्या दोन्हीत समोरून मी आहे, आणि एकोणिसाव्यात पुढच्या महिन्यात तुमच्या अशिलाची उलटतपासणी मीच घेणार आहे. दुसरं कोणी ठरलं की कळवा. याद्या जुळवायला संध्याकाळी साडेसहानंतर मी ऑफिसात असतो.